खाली उतरलेलं घर

एसिहाला सगळा मुलूख कढई म्हणतो.
मी त्या कढईत एसी बसवतो, अठरा वर्षं झाली.
उन्हाळा हीच माझी सुगी.

चौदा जुलै, दुपारचे तीन,
खांद्यावर खोकं घेऊन
आंगुस्तियासबाईंच्या दारात उभा राहिलो.
पैसे लेकाने भरलेले, बिल्बाओहून.
दार बोटभर उघडलं.
"आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी थांब.
मध्ये उभा राहून ऊन आत सोडू नकोस."

आत अंधार.
डोळ्यांना काही दिसेना, पायांना आधी कळलं
फरशी ओली आहे.
मग नाकाला: चुना, कुंड्यांतली माती,
आणि बडीशेपेच्या दारूचा पुसट वास.
बोतीहो नवं असताना त्यात एक घोट ओततात,
नाहीतर पाणी महिनाभर चिखलाचं लागतं.
त्यांनी ते पांढऱ्या मातीचं भांडं माझ्या हातात दिलं.
त्याला घाम फुटला होता, माझ्याइतकाच.
ते मात्र घामाने गार झालं होतं.

मी टेप काढून भिंत मोजली.
पंचाहत्तर सेंटीमीटर.
माझं ड्रिल अर्ध्यावरच संपतं.
"नवऱ्याच्या पणज्याने बांधली, माती तुडवून.
दिवसाचं ऊन तिच्यात शिरतं,
आतल्या अंगाला पोचेस्तोवर रात्र होते.
तोवर मी खिडक्या उघडलेल्या असतात.
चुकामूक होते बिचाऱ्याची."

मग आजाऱ्याचं पथ्य सांगावं
तसं त्यांनी घर सांगितलं.
पहाटे पाचला सगळं सताड.
साडेआठला, शेजारी अजून कॉफीत बिस्किट बुडवत असतात तेव्हा,
सगळं बंद.
एस्पार्तो गवताचे पडदे काचेच्या बाहेर, आत नव्हे.
"चोराला घरात घेऊन मग कडी लावायची का?"
चौकावर कनात. फरशीवर बादलीभर पाणी.
आणि जून लागला की
पलंग, शिवणयंत्र, मेरीची मूर्ती, नवऱ्याचा फोटो
वरच्या मजल्यावरून खाली.
"थंडीत परत वर.
वर्षातून दोनदा मी याच घरात बिऱ्हाड बदलते."

एकट्याच?

"पूर्वी चौघं होतो.
हल्ली पलंग वरच असतो. खाली गादी टाकते."

मी जरा टेकलो.
टेकलो कसला, झोपलोच, वेताच्या खुर्चीत,
ड्रिल मांडीवर.
जाग आली तेव्हा साडेसहा,
सात मिस्ड कॉल, तीन गिऱ्हाइकं हातची गेलेली.
बाई शेंगा सोलत होत्या.
"लेकाला सांग बसवला म्हणून. मी सही करते."

पण मी बसवला.
दुसऱ्या दिवशी लांब बिट आणून.
खोटी सही घेववली नाही,
आणि खरं सांगायचं तर कमिशनही होतं.

यंदा सर्व्हिसिंगला गेलो.
दार लेकाने उघडलं, सताड,
आणि तसंच ठेवलं.
बाई मार्चमध्ये गेल्या, म्हणाला.
भर दुपारी सगळ्या खिडक्या उघड्या,
हवा खेळती राहावी म्हणून.
शर्ट पाठीला चिकटलेला.
एसी घरघरत होता, गल्ली गार करत.

"आई होती तेव्हा हे घर थंड असायचं," तो म्हणाला.
"भिंतींत काही बिघडलंय का बघता?"

मी फिल्टर काढला. जवळजवळ कोरा.
रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.
गॅस तपासला, चाळीस युरोंचं बिल फाडलं,
पेटी बंद केली.

मग न बोलता एकेक खिडकी लावत गेलो.
गवताचे पडदे कठड्याबाहेर सोडले.
कनातीची दोरी अडकली होती, दोन हिसके द्यावे लागले.
बादली जिन्याखाली असते, मला ठाऊक होतं.
तिच्या शेजारी ती गादी,
गुंडाळून, सुतळीने बांधलेली.

तो बघत राहिला.
"याचे किती?"

"हे बिलात नाही," मी म्हणालो.
"रात्र होऊ दे, मग कळेल.
आणि ते दार,
आधी ते दार लाव."